जीव ओत जरा : एका जुन्या भयपटाच्या मराठी सबटायटल्सच्या नोंदी

६ जुलै २०२४

काम ठरलं. ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’, १९६२, कृष्णधवल, दिग्दर्शक हर्क हार्वी. सांगलीतल्या आमच्या सात-आठ जणांच्या गटाने आजवर चित्रपट पाहिले आणि चहा प्यायला, याहून जास्त काही केलं नव्हतं. आता मराठी सबटायटल्सची फाइल करायची, आणि जमलं तर पावसाळा संपताना एक खेळ.

हाच का, याचं पहिलं कारण अगदी व्यवहारी आहे. अमेरिकेत १९६२ साली चित्रपटाच्या प्रतीवर कॉपीराइटची सूचना छापणं सक्तीचं होतं. वितरकाच्या प्रतींवर ती नव्हती, आणि चित्रपट प्रदर्शित होताच सार्वजनिक मालकीचा झाला. आपल्या कायद्यात चित्रपटाला ६० वर्षं संरक्षण असतं. त्या हिशेबानेही २०२२ संपताना मुदत टळली. कुणाकडे परवानगी मागायची नाही, कुणाला पैसे द्यायचे नाहीत.

दुसरं कारण : बोलणं कमी. पाचशेच्या आसपास ओळी निघतील. पहिल्याच कामाला संवादांचा महापूर नको.

९ जुलै

दोन प्रती मिळाल्या. एक ७८ मिनिटांची, दुसरी ७५ मिनिटांची. दुसरीचं चित्र जास्त स्वच्छ आहे. तीन मिनिटं कुठे गेली ते सापडत नाही. दृश्यांची यादी करून दोन्ही ताडून पाहिल्या, एकही दृश्य गाळलेलं नाही. तूर्त स्वच्छ प्रतीवर काम सुरू. (हा निर्णय महागात पडला. पुढे २१ जुलै पाहा.)

१४ जुलै

सगळ्यांनी एकत्र बसून पाहिला. आधी कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

गोष्ट थोडक्यात लिहून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या भांडणांना ती लागेल. कॅन्ससमध्ये तीन मुली गाडीतून चालल्यात. पोरांशी शर्यत लागते, पुलाचा कठडा तुटतो, गाडी नदीत. गळ टाकून शोध चालू असताना तीन तासांनी त्यातली एक, मेरी हेन्री, चिखलाने माखलेली वाळूच्या पट्ट्यावर चालत येते. थोड्याच दिवसांत ती युटातल्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या नोकरीवर निघते. वाटेत गाडीच्या काचेत एक पांढराफटक चेहरा दिसतो. मग तो दिसतच राहतो. तळ्याकाठची एक पडीक, घुमटांची इमारत तिला ओढत राहते. मधूनच असं होतं की भोवतालच्या माणसांना ती दिसतही नाही, ऐकूही येत नाही. शेवटी त्या इमारतीत मेलेल्यांचा नाच. ते तिच्या मागे धावतात, वाळूत तिची पावलं एका जागी संपतात. तिकडे कॅन्ससमध्ये नदीतून गाडी वर काढतात आणि आत तिघी असतात. तिघीही.

शेवट पाहून आमच्या गटातल्या धाकट्याने मोबाइलमधून मान वर काढली आणि म्हणाला, “हे तर मला पाचव्या मिनिटाला कळलं होतं.” खरं आहे. आज कुणालाही कळेल. म्हणूनच मला हा चित्रपट भाषांतराला घ्यायचा होता. शेवट माहीत असूनही तो अंगावर येत असेल, तर ज्याच्यामुळे येतो ते शेवटात नाही. मग कुठे आहे?

ती इमारत खरी आहे. सॉल्ट लेक सिटीजवळ, ग्रेट सॉल्ट लेकच्या काठावरची सॉल्टएअर. पहिली १८९३ ची, लोक तिथे नाचायला आणि खाऱ्या पाण्यात डुंबायला जायचे. ती १९२५ मध्ये जळाली. पुन्हा बांधली, पण तळ्याचं पाणी मागे सरकलं, गिऱ्हाईक आटलं, १९५८ मध्ये बंद पडली. हार्वी कॅलिफोर्नियातलं एक काम उरकून गाडीने कॅन्ससला परतत होता, तेव्हा ती त्याच्या नजरेला पडली. घरी गेल्यावर त्याने जॉन क्लिफर्ड या सहकाऱ्याला सांगितलं : गोष्ट तुला हवी ती लिही, फक्त शेवटी या नाचघरात मेलेली माणसं नाचली पाहिजेत. जागा आधी, गोष्ट नंतर. क्लिफर्डने तीन आठवड्यांत पटकथा दिली.

१९७० मध्ये कुणीतरी आग लावली आणि ती दुसरी सॉल्टएअरही गेली. म्हणजे आता ती इमारत पाहायची तर हाच चित्रपट लावायचा.

२१ जुलै

दोन आठवड्यांचं टायमिंग पाण्यात.

पहिल्या दृश्याला ओळी बरोब्बर बसतात. अर्ध्या तासानंतर मागे-पुढे. शेवटाला तर तीन मिनिटांहून जास्त फरक. बँकेतल्या ताई म्हणाल्या फाइल खराब झाली असेल, मी म्हणालो माझंच चुकलं असेल. कारण शोधलं ते पेटीवाल्या काकांनी, आणि तेही कॉम्प्युटरला हात न लावता.

काका नाट्यसंगीताला साथ करत आलेत, वय सत्तरच्या पुढे. ते म्हणाले, “तुमच्या दोन प्रतींमध्ये बाजा वेगळ्या पट्टीत वाजतोय. स्वच्छवाली चढी आहे. पुरती एक पट्टी नाही, पाऊण म्हणा.”

मग डोक्यात उजेड पडला. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींवर चालतो. युरोपातल्या टीव्हीसाठी प्रत करताना तो सेकंदाला २५ चौकटींनी पळवत. चार टक्के वेग वाढला की ७८ मिनिटांची ७५ होतात, आणि आवाजही त्याच प्रमाणात वर चढतो. काहीही कापलेलं नव्हतं, चित्रपट नुसता घाईत होता. मी नऊ तारखेपासून दृश्यं मोजत बसलो होतो आणि काकांनी कानाने अर्ध्या मिनिटात सांगितलं.

७८ मिनिटांच्या प्रतीवर परत आलो. जुन्या वेळा एका गुणकाने ताणल्या, त्यामुळे सगळं फुकट गेलं नाही. नव्वद टक्के ओळी बसल्या, उरलेल्या हाताने.

२८ जुलै

पहिली वीस मिनिटं भाषांतरित.

पुलाचं दृश्य आज तिसऱ्यांदा पाहिलं. ते लेकॉम्प्टन या लहानशा गावात चित्रित झालंय. गावाने पुलाचं भाडं घेतलं नाही, फक्त तोडलेला कठडा बदलून द्या म्हणाले. एकूण खर्च तीस-तेहतीस हजार डॉलर, त्यातली रोकड लॉरेन्स शहरातल्या व्यापाऱ्यांकडून गोळा केलेली. तीन आठवड्यांचं शूटिंग, आणि त्यासाठी हार्वीने नोकरीतून रजा टाकली होती. नोकरी कुठली, तर सेंट्रॉन नावाच्या कंपनीत, शाळांसाठी आणि कारखान्यांसाठी माहितीपट बनवायची. परीक्षेत कॉपी करू नये, असल्या विषयांचे. आयुष्यभर त्याने असे शेकडो लघुपट केले आणि पूर्ण लांबीचा चित्रपट हा एकच.

त्या नोकरीचा फायदा पडद्यावर दिसतो. कॅमेरावाल्यांना हातातला बॅटरीवरचा कॅमेरा घेऊन चालत्या गाडीत बसायची सवय होती. त्या काळात गाडीतलं दृश्य म्हणजे स्टुडिओत उभी गाडी आणि मागे पडद्यावर पळणारा रस्ता. इथे मेरी खरोखर गाडी चालवतेय, खरा अंधार बाहेरून सरकतोय, आणि त्याच काचेत तो चेहरा. तो चेहरा स्वतः हार्वीचा. पैसे वाचले, आणि माझ्या मते चांगलं भूतही मिळालं. त्याच्या तोंडी आमच्या फाइलमध्ये एकही ओळ नाही.

आज बैठकीला तिघेच आले. बाकीचे कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाणी बघायला.

४ ऑगस्ट

इंग्रजीतल्या एकाच ‘यू’ने पूर्ण दिवस खाल्ला. कोण कुणाला तू म्हणणार?

घरमालकीण मिसेस थॉमस मेरीला तू म्हणते, यावर एकमत. कपाळावर आठी न घालता बोलणारी, आंघोळीला कितीदा गेलीस तरी चालेल म्हणणारी बाई. डॉक्टर सॅम्युएल्स तुम्ही म्हणणार. चर्चचे पाळकही आधी तुम्हीच.

भांडण झालं ते शेजारच्या खोलीतल्या जॉन लिंडनवर. हा सकाळी सकाळी कॉफी घेऊन दारात येतो, त्यात दारू ओततो, आणि नको म्हटलं तरी चौकटीतून पाय काढत नाही. इंग्रजीत तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘यू’च म्हणतो. मराठीत मी त्याला पहिल्या भेटीत “तुम्ही” दिलं, आणि तिसऱ्या वाक्याला, मेरीने काहीच सूट दिलेली नसताना, “तू”. ताई वाचून म्हणाल्या, “बास, ओळखला मी याला. आमच्या शाखेत येतो.”

मेरी त्याला शेवटपर्यंत “तुम्ही”च म्हणते. एकदाच, एकटं राहायची भीती वाटते तेव्हा, ती त्याच्याबरोबर बाहेर जाते. तिथेही मी “तुम्ही” ठेवलं. धाकट्याला ते कृत्रिम वाटलं. मला वाटतं तिच्याकडे असलेला तो एकमेव दरवाजा आहे, तो लावलेलाच बरा.

पॅव्हेलियन या शब्दाचं काय करायचं? “ती मला त्या पॅव्हेलियनकडे ओढते” लिहिलं आणि सगळे हसले. आपल्याकडे पॅव्हेलियनमध्ये फक्त बाद झालेला फलंदाज परततो. (काका म्हणाले, मग बरोबरच आहे की.) “मंडप” म्हटलं की लग्न. शेवटी “नाचघर”.

११ ऑगस्ट

आजची नोंद लांब होणार.

सुरुवातीला ऑर्गनच्या कारखान्यात एक प्रसंग आहे. कारखाना खराच, लॉरेन्समधला रॉयटर कंपनीचा. मेरी वाजवून दाखवते. हात स्वच्छ, तालात. तिथला वयस्क माणूस तिला म्हणतो की संगीताला नुसती बुद्धी पुरत नाही, जरा ‘सोल’ घाल त्यात. आणि बऱ्याच पुढे चर्चमधला प्रसंग : सराव करता करता तिची बोटं स्वतःच भलतंच काही वाजवू लागतात, पाळक धावत येतात, हे पवित्र ठिकाणी काय वाजवतेस म्हणून ओरडतात, आणि तिच्यात ‘सोल’ नाही याची कीव येते म्हणतात. नोकरी जाते. चित्रपटाच्या नावातही तोच शब्द.

पहिल्या खर्ड्यात मी तिन्ही ठिकाणी “आत्मा” लिहिलं. कारखान्यातला माणूस म्हणतोय, “तुझा आत्मा ओत त्यात.” हे कुणी बोलतं का? काका ऐकून नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “अहो, आम्ही काय म्हणतो? सूर लागला, हात तयार आहे, पण *जीव* नाही. पोराला सांगताना काय म्हणतो? जीव ओत जरा.”

आणि खोलीत शांतता पसरली. कारण आता ओळ अशी झाली :

*“संगीताला नुसती बुद्धी पुरत नाही.*
*जरा जीव ओत त्यात.”*

ही ओळ तो एका मेलेल्या मुलीला सांगतोय. तिच्याकडे ओतायला जीवच नाही. इंग्रजीत हा श्लेष आहे, पण अर्धाच. तिथल्या शब्दाचा ओढा परलोकाकडे, धर्माकडे. आपला जीव इथलाच आहे. जीव जातो, जीव लागतो, जीव टांगणीला, जिवावर येतं, जीव लाव. मेरीची सगळी गोष्ट या शब्दात बसते : तिचा कशातच जीव नाही, चर्चमध्ये नाही, माणसात नाही, आणि खरोखरच नाही.

ताईंचा आक्षेप : ही ओळ पाचव्या मिनिटाला शेवट फोडते. माझं म्हणणं : चित्रपट स्वतःच फोडतो. तीन तास बुडालेली मुलगी कोरड्या चेहऱ्याने चालत येते, हे पाहून ज्याला कळायचं त्याला कळतं. आणि ज्याला कळलं नाही, त्याला “जीव ओत” हे रोजचं बोलणं म्हणूनच ऐकू येईल. मराठीत ते इतकं रोजचं आहे की त्यात कुणी काही लपवलंय असा संशयही येत नाही.

कारखान्यातली ओळ पक्की. चर्चमधली अजून अडली आहे. एक पाळक, चिडलेला असला तरी, “तुझ्यात जीव नाही” म्हणेल का? धर्माच्या भाषेत आत्माच हवा ना?

१५ ऑगस्ट

झेंडावंदन उरकून मिरजेला गेलो. ओळखीतून एका बाईंना भेटलो, त्या चाळीस वर्षं चर्चमध्ये उपासनेला पेटी वाजवतात. दोन गोष्टी घेऊन आलो.

एक : “पाद्री” नका लिहू, आम्ही “पाळक” म्हणतो, हाक मारताना “पाळकसाहेब”. फाइलमध्ये दोन ठिकाणी पाद्री राहिला होता, बदलला.

दोन : मी त्यांना विचारलं, बायबलमध्ये ‘सोल’ला काय शब्द आहे? त्यांनी पुस्तक न उघडता म्हणून दाखवलं : देवावर पूर्ण अंतःकरणाने, *पूर्ण जिवाने* प्रीती कर. आत्मा हा शब्द तिथे आहे, पण तो ‘स्पिरिट’साठी, पवित्र आत्मा म्हणतात तो. ‘सोल’ म्हणजे जीवच.

म्हणजे पाळकसाहेब मराठी असते तरी तेच म्हणाले असते. घरी येऊन ओळ बसवली : *“कीव येते मला. तुझ्यात जीवच नाही.”*

निघताना बाईंनी विचारलं, त्या मुलीला काढून टाकलं तर पुढच्या रविवारी वाजवलं कुणी? चित्रपटात याचं उत्तर नाही.

२५ ऑगस्ट

आमच्यातल्या एकांच्या आईला ऐकू येत नाही. त्यांनाही बघता यावा म्हणून आवाजांच्या नोंदी कंसात द्यायचं ठरलं : [दार वाजतं], [पक्षी], [ऑर्गन]. तासाभराचं काम वाटलं होतं. तीन बैठका गेल्या.

अडचण अशी. या चित्रपटाचं पार्श्वसंगीत म्हणजे जवळजवळ सगळा ऑर्गनच, जीन मूर यांचा. आणि नायिकाही ऑर्गनच वाजवते. गाडीत ती रेडिओ लावते, तर रेडिओवर ऑर्गन. खुंटी पिरगाळते, स्टेशन बदलत नाही, ऑर्गनच. मग कुठला ऑर्गन तिला ऐकू येतोय आणि कुठला फक्त आपल्याला? ऐकू येणाऱ्या प्रेक्षकाला हा प्रश्न पडत नाही, तो नुसता अस्वस्थ होतो. नोंद लिहिणाऱ्याला मात्र ठरवावंच लागतं. [रेडिओवर ऑर्गन] लिहिलं की तो रेडिओत बंद झाला, [पार्श्वसंगीत] लिहिलं की तो तिच्या बाहेर गेला. शेवटी सगळीकडे, रेडिओवरही, नुसतं [ऑर्गन].

काकांनी मध्येच एक व्याख्यान दिलं, ते लिहून ठेवण्यासारखं आहे. संगीत नाटकात साथीला ऑर्गन असायचा, पण तो पायाने भाता मारायचा, सुरांचा; हवा संपत आली की सूर खाली बसतो, म्हणजे माणसासारखा त्याला श्वास आहे. चर्चमधला नळ्यांचा बाजा यंत्राच्या हवेवर चालतो. पट्टी दाबून ठेवली तर सूर उद्यापर्यंत तसाच. “म्हणून तो भीतिदायक. त्याला दम लागत नाही.”

आता शांततेचं. दुकानात मेरी कपडे बदलून बाहेर येते, चित्र पाण्यासारखं हलतं, आणि जगाचा आवाज बंद. लोक बोलतात, ऐकू येत नाही. ती बोलते, कुणी वळून पाहत नाही. मग बागेत ती एका झाडाला हात लावते आणि पक्ष्यांची किलबिल परत येते. भर दुपारी, गर्दीत, एकही भूत न दाखवता. माझ्या लेखी चित्रपटातला सर्वात थरकाप उडवणारा भाग.

त्यावर [शांतता] लिहायचं का? लिहून पाहिलं. ज्या आईंसाठी हा खटाटोप, त्यांना दाखवलं. त्यांनी वहीत लिहून दिलं : “हे काढा. हे मला माहीत आहे.” काढलं. त्या तीन-चार मिनिटांत पडद्यावर मेरीच्या ओळींशिवाय काही नाही. किलबिल येते तिथे [पक्षी] मात्र ठेवलं.

३१ ऑगस्ट

तांत्रिक, पटकन.

प्लेअर “दुसऱ्या”तला अर्धा र मोडतो. फॉन्ट बदलला, सुटलं. एका ओळीत चाळीसच्या वर अक्षरं नाहीत, दोनच्या वर ओळी नाहीत.

पांढरी अक्षरं पांढऱ्या चेहऱ्यांवर आणि मिठाच्या मैदानावर दिसत नाहीत. धाकट्याने पिवळी केली. दिसतात झकास, पण करड्या चित्राखाली पिवळं म्हणजे जुन्या फोटोवर स्टिकर. फिकट करडी अक्षरं, जाड काळी किनार. वाद संपला.

बऱ्याच ठिकाणी ओठ आणि आवाज जुळत नाहीत. आमचा दोष नाही, मूळ आवाजच नंतर बसवलेला आहे. ओळ आवाजाला धरून लावायची, ओठाला नाही.

७ ते १७ सप्टेंबर

गणपती. काम बंद.

२१ सप्टेंबर

पितृपक्षात मंगल कार्यालयं रिकामी असतात. दीडशे खुर्च्यांचा हॉल निम्म्या भाड्यात मिळाला, सर्वपित्री अमावास्येला. २ ऑक्टोबर, सुट्टीही आहे. काहींच्या घरी भुवया उंचावल्या. ताईंच्या सासूबाई म्हणाल्या, त्या दिवशी ते येतातच, त्यांनाही बघू दे. फक्त सभासद आणि त्यांची माणसं, तिकीट नाही.

प्रेक्षकांना द्यायला एक पान लिहायचं आहे : या चित्रपटाचा पुढे काय परिणाम झाला. पहिला खर्डा धाकट्याने आणला. त्याचा मुद्दा एकच : “आपण मेलोय हे ज्याला माहीत नाही” ही कल्पना याने दिली, आणि १९९९ चा ‘द सिक्स्थ सेन्स’ किंवा २००१ चा ‘द अदर्स’ ही त्याची नातवंडं.

मला हे पटत नाही. कल्पना हार्वी-क्लिफर्डची नव्हतीच. अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्सने १८९० मध्येच पुलावर फाशी दिल्या जाणाऱ्या माणसाची कथा लिहिली, जो दोर तुटून नदीतून निसटतो, घरापर्यंत पोचतो, आणि शेवटच्या वाक्याला कळतं की तो पुलावरच लटकतोय. पूल, नदी, सगळं तिथे आहे. १९६० मध्ये ‘द ट्वायलाइट झोन’ मालिकेत एकटीने गाडी चालवणाऱ्या बाईला वाटेत तोच तोच माणूस भेटत राहतो, तो भाग लागला होता. तोही ल्युसिल फ्लेचर यांच्या जुन्या रेडिओ नाटकावरून. शेवट उसना होता. उसना शेवट साठ वर्षं टिकत नाही.

टिकलं ते दुसरंच. जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये पांढऱ्या चेहऱ्यांची, साध्या कपड्यांतली मेलेली माणसं घोळक्याने चालत येतात, तेव्हा सॉल्टएअरचे नाचणारे आठवतात. तोही मोठ्या स्टुडिओबाहेरचा, थोडक्या पैशाचा, कृष्णधवल चित्रपट. आणि योगायोग बघा, नाव बदलताना त्याच्यावरचीही कॉपीराइटची सूचना गळाली, तोही सार्वजनिक झाला. दिग्दर्शक डेव्हिड लिंचचं नावही या संदर्भात हमखास निघतं, आणि ते मला अधिक खरं वाटतं : रोजची खोली, रोजचे लोक, पण सगळं अर्धा इंच सरकलेलं.

आणखी एक गोष्ट पानावर यायलाच हवी, यावर ताई अडून बसल्या. मेरीला कुणी एकटं राहू देत नाही. पाळकांना तिने भक्ती दाखवावी असं वाटतं, डॉक्टरांना तिने आपलं म्हणणं ऐकावं असं, शेजाऱ्याला तर काय हवंय ते उघड आहे. ती सांगते की ही माझी फक्त नोकरी आहे, आणि सगळ्यांना धक्का बसतो. १९६२ मध्ये हे वागणं विचित्र ठरवायला तिला मृत असावं लागलं. न्यूयॉर्कहून आणलेली कँडेस हिलिगॉस ही यातली एकमेव बाहेरची नटी. बाकी बहुतेक सगळे तिथलेच. त्यामुळे ती परकी दिसायला अभिनय करावाच लागला नाही, असं ताईंचं म्हणणं. हे मी जसंच्या तसं घेतलं.

शेवटी पैशाचं. वितरकाने तो ‘द डेव्हिल्स मेसेंजर’बरोबर जोडीने, छाटून, दुय्यम खेळांना लावला, मग वितरकच बुडाला. हार्वीच्या हाती काही आलं नाही. पण फुकट मिळतो म्हणून गावोगावच्या टीव्ही केंद्रांनी तो रात्री उशिरा लावायला सुरुवात केली आणि जागी असलेली पोरं तो बघत मोठी झाली. १९८९ मध्ये तो पुन्हा थिएटरात आला, तेव्हा कुठे समीक्षकांनी दखल घेतली. हार्वी ते पाहायला होता; १९९६ मध्ये गेला. १९९८ मध्ये याच नावाचा एक नवा चित्रपट आला. पानावर त्याला अर्धी ओळ दिली, तीही जास्त झाली.

धाकट्याने विचारलं, सूचना नीट छापली असती तर? मग हार्वीला चार पैसे मिळाले असते, आणि आपण आज इथे बसलो नसतो. दोन्ही गोष्टी पानावर एकाखाली एक लिहिल्या आहेत, मध्ये “पण” घातलेला नाही.

२८ सप्टेंबर

नाव अजून ठरेना. “आत्म्यांची जत्रा” : जत्रेला देव लागतो, इथे कुणी नाही. “कार्निव्हल” म्हटलं की गोवा. सावंतवाडीकडचा एक सभासद म्हणाला, आमच्याकडे याला वेताळाची पालखी म्हणतील. छान आहे, पण मेरी वेताळाच्या पालखीत कशी बसणार? मूळ नावच देवनागरीत ठेवलं.

हॉलमध्ये चाचणी घेतली. प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज दुकानाच्या दृश्यात ठळक ऐकू येतो. प्रोजेक्टर मागच्या खिडकीबाहेर ठेवून पडदा लांबवला.

२ ऑक्टोबर

एकशे दहा माणसं. सात वाजता सुरू.

“जीव ओत त्यात” ही ओळ आली, कुणीही हललं नाही. अगदी तसंच हवं होतं. पुलाच्या कठड्याला मात्र पुढच्या रांगेतून “आई गं” आलं. सांगलीत पूल आणि नदी दाखवली की भाषांतर लागत नाही.

बसचा दरवाजा उघडतो आणि आत सगळे तेच बसलेले, तिथे चार-पाच कॉलेजची मुलं हसली. हसू द्यावं, तो भाग थोडा तसा आहेच. दुकानाच्या दृश्याला हॉल इतका गप्प झाला की खिडकीबाहेरचा पंखा तरीही ऐकू आला.

“तुझ्यात जीवच नाही”ला मागून एक हुंकार. अंधारात कोण ते दिसलं नाही, मिरजेच्या बाई आल्या होत्या एवढं माहीत आहे.

संपल्यावर काकांनी सांगितलं की बाजा आज योग्य पट्टीत होता.

५ ऑक्टोबर

प्रेक्षकांकडून आलेल्या दुरुस्त्या. “पाळकसाहेब” एका जागी “पालकसाहेब” झालंय. लिंडनची एक ओळ दीड सेकंद आधी येते. डॉक्टरांच्या खोलीत खुर्ची वळते तिथे [किंकाळी] ही नोंद किंकाळीच्या आधी दिसते, म्हणजे ऐकू न येणाऱ्यांना आम्ही धक्का द्यायच्या ऐवजी सूचना दिली. आईंनी यावर वहीचं अर्धं पान लिहिलंय.

तिन्ही केल्या. शेवटच्या दृश्यातली [ऑर्गन] ही नोंद संगीत थांबल्यानंतरही पडद्यावर राहत होती, तिची वेळ आणली खाली. फाइल पुन्हा एकदा सुरुवातीपासून चालवून बघायची आहे, रविवारी, काकांकडे.